नांगर आणि गवत : एका वसाहत-स्मारकाची समीक्षा

ऐतिहासिक वास्तू आणि तिच्याभोवतीचा निसर्ग यांचे जतन एकत्रच व्हावे, हे तत्त्व आता बहुतेक सर्वत्र मान्य झाले आहे. परंतु ज्या वास्तूचा इतिहास हा मुळी भोवतालचा निसर्ग पालटून टाकण्याचाच इतिहास आहे, तेथे या तत्त्वाचा अर्थ काय करावयाचा? अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील बिॲट्रिस या गावानजीकचे, २०२१ पर्यंत राष्ट्रीय स्मारक म्हणविले जाणारे होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान हा प्रश्न अत्यंत स्पष्टपणे उभा करते.

लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी स्वाक्षरी केलेल्या होमस्टेड कायद्याने वसाहतकारास १६० एकर सरकारी जमीन नाममात्र शुल्कावर मिळू लागली. पाच वर्षे तेथे राहणे आणि जमीन कसणे, एवढीच मुख्य अट होती. कायदा अमलात आला त्याच दिवशी, १ जानेवारी १८६३ रोजी, डॅनियल फ्रीमन याने येथील जमिनीवर दावा नोंदविला. पुढे सोळा लाख दावे सिद्ध होऊन सुमारे २७ कोटी एकर जमीन खाजगी मालकीची झाली. फ्रीमनची हीच जमीन १९३६ मध्ये स्मारक म्हणून राखण्यात आली. स्मारक स्थापणाऱ्या कायद्याने गौरव केला तो वसाहतकारांच्या हालअपेष्टांचा आणि त्यांनी केलेल्या मशागतीचा.

प्रत्यक्षात मात्र १९३९ पासून या जमिनीवर गवत पेरले गेले. दुष्काळाच्या व धुळीच्या वादळांच्या त्या दशकात झिजलेली माती धरून ठेवणे ही निकड होतीच. तथापि, त्यातून उभी राहिली ती उंच गवताची प्रेअरी. आज सुमारे शंभर एकरांवर तिचा विस्तार असून, नियंत्रित वणवे लावून ती राखली जाते. ज्या गवताचा मुळांनी घट्ट विणलेला थर फोडणे हेच वसाहतकाराचे पहिले काम होते, तेच गवत त्याच्या स्मारकाचे मुख्य दृश्य झाले आहे. नांगराचे स्मारक उभारावयाचे आणि नांगराचे कार्य पुसून टाकावयाचे, असा हा विरोध आहे.

वास्तूंच्या बाबतीतही स्थिती फार निराळी नाही. फ्रीमनची मूळ घरे उरलेली नाहीत. पाहणाऱ्यास दिसणारे ओंडक्यांचे घर त्याच परगण्यात दुसऱ्या एका वसाहतकाराने १८६७ मध्ये बांधलेले असून ते १९५० मध्ये येथे आणण्यात आले. गवताने वेढलेले ते लहानसे घर पाहून नुकत्याच आलेल्या वसाहतकाराच्या पहिल्या दिवसाचा भास होतो. त्या दिवसानंतरची सत्तर वर्षांची शेती मात्र दृष्टीआड राहते.

या दृष्टीने दक्षिण सीमेवरील ओसेज ऑरेंज या काटेरी झाडांची रांग विशेष महत्त्वाची ठरते. १८७४ मध्ये ग्लिडनच्या काटेरी तारेचे एकस्व नोंदले गेले आणि तारेचा प्रसार झाला. त्यापूर्वी लाकूड दुर्मीळ असलेल्या त्या प्रदेशात अशा झाडांचेच कुंपण करीत. हे झाड मूळचे दक्षिणेकडचे. शुद्ध प्रेअरीच्या कसोटीस ते उपरे ठरते, तर इतिहासाच्या कसोटीस ती रांग म्हणजे फ्रीमन कुटुंबाच्या श्रमाची जिवंत खूणच होय. ती राखली गेली, हे योग्यच झाले. परंतु तिच्या राखण्यानेच हे सिद्ध होते की, येथे निसर्ग आणि इतिहास यांच्या कसोट्या एकरूप नाहीत.

पेरलेल्या प्रेअरीला मूळ प्रेअरी मानणे हाही भ्रमच होय. त्याच राज्यात रेड क्लाउडच्या दक्षिणेस कादंबरीकार विला कॅथर यांच्या नावाने सहाशेहून अधिक एकर प्रेअरी राखलेली आहे. तिला नांगर कधी लागलेलाच नाही. तेथे जतन आहे, तर बिॲट्रिस येथे पुनर्निर्मिती आहे. दोहोंचे मोल निरनिराळे आहे.

याहून गंभीर बाब अशी की, वसाहतपूर्व गवताचे दृश्य ती भूमी निर्मनुष्य होती असे सुचविते. वस्तुतः हा ओटो-मिझुरिया लोकांचा प्रदेश होता. १८५४ च्या कराराने त्यांनी तो बव्हंशी गमावला आणि १८८१ मध्ये उरलेली राखीव भूमीही सोडून त्यांना आजच्या ओक्लाहोमाकडे जावे लागले. गवत परत पेरता आले, त्या लोकांची वस्ती मात्र परत आली नाही. संग्रहालयातील माहितीफलकांनी हा इतिहास कितीही सांगितला, तरी भूदृश्य स्वतः जे बोलते त्याचा प्रभाव अधिक असतो.

यावरून प्रेअरी मोडून पुन्हा मका पेरावा, असा निष्कर्ष निघत नाही. मूळ उंच गवताचा प्रदेश आता अत्यल्प उरला असल्याने पुनर्निर्मित शंभर एकरांचेही महत्त्व मोठे आहे. अपेक्षा आहे ती एवढीच की, गवत, कुंपण आणि घर हे तीन निरनिराळ्या काळांचे अवशेष आहेत, हे भूमीवरच स्पष्ट दिसावे. त्यांना एकाच सुखद चित्रात बसविल्याने निसर्गाची शोभा वाढते, पण वसाहतीची किंमत कोणी आणि कशी मोजली, हा स्मारकाचा खरा विषय झाकला जातो.