पावसाळी वेळापत्रक आणि कार्यप्रक्रियेचा सिद्धांत

कार्यप्रक्रिया-व्यवस्थापन ही संज्ञा वाणिज्य व व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक्रमांत आता चांगलीच रुळली आहे. संस्थेचे काम खात्यांच्या भिंतींनी विभागलेले न पाहता आरंभापासून अखेरपर्यंत एक सलग प्रवाह म्हणून पाहावे, त्यातील निरर्थक टप्पे काढून टाकावेत आणि परिणाम मोजीत जावा, असा तिचा आशय. मायकेल हॅमर यांनी १९९० साली मांडलेले फोर्ड कंपनीचे उदाहरण या विषयात सर्वपरिचित आहे. मालाची मागणी, मालाची पोच आणि पुरवठादाराचे बिल ही तीन कागदपत्रे ताडून पाहण्यात तेथील देयक विभागाचे ५०० हून अधिक कर्मचारी गुंतले होते. बिलाचा टप्पाच रद्द केल्यावर ही संख्या ७५ टक्क्यांनी घटली. उदाहरण नामी आहे खरे. मात्र त्यातील प्रत्येक टप्पा कंपनीच्या हुकमतीत होता, इकडे सहसा लक्ष जात नाही.

या सिद्धांताची कसोटी रत्नागिरी परिसरात पाहावयाची तर कोकण रेल्वेइतके समर्पक उदाहरण दुसरे नाही. १९९० मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाने रोहा ते ठोकूर हा मार्ग बांधला व २६ जानेवारी १९९८ रोजी तो सलग वाहतुकीस खुला झाला. त्या बांधणीचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते रास्तही आहे. परंतु बांधणी एकदाच घडते. प्रक्रियेची परीक्षा रोजच्या गाडीत होते, आणि कोकणात ती आषाढातल्या काळोख्या रात्री होते. २२ जून २००३ रोजी वैभववाडीनजीक रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळून ५० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसवर तसाच प्रसंग ओढवला.

त्यानंतर जी व्यवस्था दृढ होत गेली ती पाठ्यपुस्तकी सुधारणेच्या नेमकी उलट दिसते. टप्पे कमी झाले नाहीत, वाढले. दरडप्रवण कटिंगांवर अहोरात्र गस्त आली. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली आदी स्थानकांवर पर्जन्यमापके, वाशिष्ठी व सावित्रीवर पूरसूचक यंत्रणा, पानवलच्या उंच पुलावर वायुवेगमापक आले. मुसळधार पावसात दृष्टी पोहोचेनाशी झाली की गाडी ताशी ४० किलोमीटरने चालवावी असा दंडक आहे. वर्षाकाठी काही महिने वेळापत्रकच संथ केले जाते. वेग आणि खर्च हेच कार्यक्षमतेचे माप मानणाऱ्यास ही पीछेहाटच वाटावी. वस्तुतः येथे मापच बदलले आहे. डोंगराचा उतार महामंडळाच्या आज्ञेत नाही. तेव्हा प्रक्रियेचा पहिला टप्पा कार्यालयात नव्हे, पावसात सुरू होतो, ही कबुली त्या संथ वेळापत्रकात आहे.

तथापि सिद्धांत सर्वस्वी गैरलागू ठरतो असे नव्हे. जेथे काम घडते तेथेच निर्णयाचा अधिकार असावा, हे हॅमर यांचे सूत्र येथे अक्षरशः खरे ठरते. रात्री कंदील घेऊन रुळांवरून चालणारा गस्तवाला श्रेणीने सर्वांत खालचा. पण लाल दिवा दाखवून मेलगाडी थांबविण्याचा अधिकार त्याचा. कार्यालयातील कोणत्याही आराखड्यापेक्षा हा अधिकार मोलाचा आहे, आणि तो किती निर्वेधपणे वापरला जाईल हे शेवटी मापावरच अवलंबून राहते. वक्तशीरपणाच्या टक्केवारीसाठी वरून तगादा लागला, तर निव्वळ शंकेवरून गाडी अडविणारा हात कचरेल. दरड नसताना थांबलेली गाडी ही चूक गणली जाते की दक्षता, हा प्रश्न प्रक्रियेच्या तक्त्यात कोठेच दिसत नाही. या शास्त्राची खरी उणीव तेथे आहे.

पावसाळी वेळापत्रकाचा काळ पूर्वी १० जून ते ३१ ऑक्टोबर असे. २०२५ मध्ये तो १५ जून ते २० ऑक्टोबर असा आखडण्यात आला. प्रवाशांना हे सुखाचे झाले. आरक्षण आगाऊ होत असल्याने त्यांच्यासाठी तारखेचा नियम लागतोच. चालकासाठी मात्र परिस्थितीचा नियम. उतारांच्या मजबुतीकरणाच्या बळावर काळ कमी करणे ही सुधारणा होय. परंतु जलद गाडीच्या मागणीपुढे मान तुकवून तो कमी होऊ लागला, तर तो जुन्या मापाचा विजय ठरेल. हा भेद नोंदींवरूनच कळू शकतो, म्हणून पर्जन्यमापकाचे आकडे आणि गाड्यांच्या विलंबाचे आकडे एकाच तक्त्यात मांडून अभ्यासले गेले पाहिजेत.

१४ जुलै २०२४ रोजी खेडजवळ दिवाणखवटी येथे बोगद्याच्या तोंडाशी माती रुळांवर आली आणि वाहतूक सुमारे एक दिवस ठप्प झाली. प्रवाशांचे हाल झाले, गाड्या रद्द झाल्या. पण गाडी मातीत सापडली नाही. विलंबाच्या हिशेबात तो दिवस सर्वांत वाईट दिवसांपैकी एक म्हणून नोंदला जाणार. तो दुसऱ्या कोणत्या हिशेबात मांडावा, याचे उत्तर व्यवस्थापनशास्त्राने अद्याप द्यावयाचे आहे.