कोयरीचें कूळ

सन १८५८ च्या आरंभीं लंडनमधील साउथ केन्सिंग्टन येथें दिलेल्या एका व्याख्यानांत जॉन रस्किन यांनीं हिंदुस्थानच्या कलेवर एक गंभीर आरोप केला. ही कला नाजूक आहे, तिची रचना कौशल्याची आहे, हें त्यांनीं मोकळ्या मनानें मान्य केलें. परंतु सृष्टींतील खरी वस्तु ती कधींच दाखवीत नाहीं, फूल काढावयाचें सोडून नुसतें वेटोळें किंवा नागमोडी रेघ काढीत बसते, असें त्यांचें म्हणणें. सत्तावनच्या उठावाच्या बातम्या तेव्हां ताज्या होत्या आणि त्यांची छाया या व्याख्यानावर स्पष्ट पडलेली आहे. कलाहीन पण सृष्टीच्या सान्निध्यांत राहणारा स्कॉटलंडचा डोंगरी मनुष्य एका बाजूला, आणि कलानिपुण पण सृष्टीला पाठमोरा झालेला हिंदी मनुष्य दुसऱ्या बाजूला, अशी जोडी उभी करून त्यांनीं शीलाचा निवाडाहि देऊन टाकला. पुढील वर्षीं 'द टू पाथ्स' या पुस्तकांत हें व्याख्यान छापून निघालें.

रस्किन हे कोणी ऐरेगैरे टीकाकार नव्हते. पान कसें फुटतें, ढग कसा वळतो, हें त्यांच्याइतकें बारकाईनें पाहणारे लेखक इंग्रजींत थोडेच झाले. म्हणूनच त्यांचा आरोप हंसण्यावारी नेतां येत नाहीं. तो एखाद्या प्रत्यक्ष आकृतीवर घांसून पाहिला पाहिजे. त्यासाठीं कोयरीइतकी सोयीची आकृति दुसरी नाहीं. ती आपल्या घरांत इतकी रुळलेली आहे, कीं तिच्याकडे आपण पाहतच नाहीं. शालीच्या पदरावर ती आहे, मेंदीच्या हातावर आहे, रांगोळींत आहे, आणि हळदीकुंकवाचें पात्रच तिच्या आकाराचें असून त्याचें नांवहि कोयरीच आहे. खालीं फुगीर, वर निमुळती, आणि शेंड्याला किंचित् मान वळविलेली ही आकृति रस्किन यांच्या मतें 'नुसतें वेटोळें' ठरावयाची.

तिचें कूळ मात्र निराळें सांगतें. सतराव्या शतकांतील काश्मिरी शालींचे जे पदर आज संग्रहालयांतून पाहावयास मिळतात, त्यांवर कोयरी नाहीं. तेथें एकेकटें फुलझाड आहे. बारीक देंठ, दोहों बाजूंस मोकळीं पानें, वाऱ्यानें कललेलें फूल, आणि कित्येकदां खालीं मुळेंसुद्धां. या फुलझाडाचें माहेर मोगल दरबारांत आहे. जहांगीर बादशहा सन १६२० मध्यें काश्मिरांत गेला, तेव्हां त्याचा चितारी उस्ताद मन्सूर यानें तेथील शंभरावर फुलें रंगविलीं, अशी नोंद खुद्द बादशहाच्या आत्मवृत्तांत आहे. त्याच्या मुलाच्या कारकीर्दींत तींच फुलझाडें ताजमहालाच्या संगमरवरावर उमटलीं. ज्या लोकांनीं एका मोसमांत शंभर फुलें बसून टिपलीं, त्यांना सृष्टीचें वावडें होतें, असें म्हणणें धाडसाचें आहे.

पुढें अठराव्या शतकांत त्या एका झाडाला अनेक फुलें आलीं. झाडाचा गुच्छ झाला, गुच्छाखालीं कधीं फुलदाणी आली. गुच्छ दाट होत गेला, मधली मोकळी जागा भरत गेली, आणि वरचें कललेलें फूल तेवढें वळलेल्या शेंड्याच्या रूपानें उरलें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभास भोंवतालची कडा ठाम झाली आणि कोयरी पुरी झाली. तिचें मूळ इराणांतील वाऱ्यानें वांकलेल्या सुरूच्या झाडांत शोधणारेहि पंडित आहेत. तें खरें मानलें तरी आमच्या मुद्द्याला बाध येत नाहीं. सुरू काय आणि फूल काय, वळण झाडाचेंच आहे.

हा फरक कां पडत गेला, याचें उत्तर केवळ लहरींत नाहीं, मागांत आहे. कानी शाल धोट्यानें सरळ विणली जात नाहीं. प्रत्येक रंगाची लहान लांकडी कांडी वेगळी, आणि तो रंग जेथवर हवा तेथवरच ती फिरवून परत आणावयाची. नक्काशानें आकृति काढावी, दुसऱ्यानें रंग आणि धाग्यांची संख्या पुकारावी, तिसऱ्यानें ती सांकेतिक चिन्हांनीं कागदावर उतरावी, आणि विणकरानें त्या 'तालीमे'बरहुकूम धागे मोजावे. चित्र येथें दिसण्यापूर्वीं मोजलें जातें. अशा कामांत मोकळा, तरंगता देंठ धरून ठेवणें कठीण. भरीव, कडेनें बांधलेला आकार सुखानें बसतो. तेव्हां फुलाची कोयरी होणें हा सृष्टीचा विसर नव्हे. झाड ज्याप्रमाणें जमिनीच्या मगदुराप्रमाणें वाढतें, तशी ही आकृति मागाच्या मगदुराप्रमाणें वाढली.

आणखी एक गंमत आहे. काश्मिरी विणकराच्या लेखीं हा 'बुटा', म्हणजे झाडझुडूप. तोच आकार आंब्याच्या मुलखांत उतरला आणि लोकांनीं त्याला आपल्या परसांतील फळ म्हणून ओळखलें. मराठींत ती कोयरी झाली, हिंदींत अंबी, तामिळांत मांगाय. ज्या आकृतींतून फूल निघून गेलें, तींत फळ येऊन बसलें! आमच्या काठांचीं नांवेंहि पाहावींत: नारळी, रुईफूल, रुद्राक्ष. (करवती काठ तेवढा सुताराच्या घरून आलेला दिसतो.) सामान्य माणसाचा डोळा असा सृष्टीकडे वारंवार परत जातो. नुसत्या वेटोळ्याला त्यानें झाडाचें नांव कधींच दिलें नसतें.

आतां रस्किन यांची बाजू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आलेल्या शाली पाहिल्या, तर त्यांच्या आरोपांत तथ्य दिसूं लागतें. कोयऱ्या लांबत लांबत हात-हात लांब झाल्या, एकमेकींत शिरल्या, साऱ्या वस्त्रावर पसरल्या. तींत फूल नाहीं, फळ नाहीं आणि विसाव्याला जागाहि नाहीं. हें कसें घडलें? युरोपांत या शालींचें वेड पसरल्यावर एडिंबरो, नॉरिच आणि विशेषतः पेझली येथें त्यांच्या नकला निघूं लागल्या, आणि पेझलीचें नांवच इंग्रजींत या आकृतीला चिकटलें. पेझली स्कॉटलंडांतच आहे, डोंगरी भागांत नसलें म्हणून काय झालें! रस्किन ज्या देशाच्या कलाहीन निष्पापपणाचे गोडवे गात होते, त्यांतलें एक गांव त्याच वेळीं हिंदी 'वेटोळ्या'वर पोट भरीत होतें. फ्रेंच व्यापाऱ्यांचे हस्तक तर थेट श्रीनगरांत येऊन राहिले आणि पॅरिसच्या आवडीचे नमुने विणकरांपुढें ठेवूं लागले.

त्या विणकराची स्थिति काय होती? शालीवरच्या कराचा बोजा, कारखानदाराचें कर्ज, आणि काम सोडून जाण्याचीहि मोकळीक नाहीं. सन १८६५ च्या एप्रिलांत श्रीनगरच्या झालडगर भागांत विणकरांनीं एकत्र येऊन गाऱ्हाणें मांडलें; सैन्य घालून त्यांना हटविण्यांत आलें आणि कित्येक जण प्राणांस मुकले. सन १८७०–७१ च्या फ्रान्स-प्रशियाच्या युद्धानंतर गिऱ्हाईकहि गेलें, आणि लवकरच आलेल्या दुष्काळानें उरलेसुरले कारागीर देशोधडीला लावले.

रस्किन यांनींच सन १८५३ मध्यें, व्हेनिसवरील ग्रंथांत, गॉथिक शिल्पाविषयीं लिहितांना सांगितलें होतें, कीं नक्षीची किंमत ती घडविणाऱ्याच्या मोकळेपणावर ठरते. दुसऱ्याचा नमुना निमूटपणें गिरविणाऱ्याच्या हातून जिवंत काम होत नाहीं. ही कसोटी त्यांनीं व्हेनिसच्या पाथरवटाला लावली, काश्मीरच्या विणकराला लावली नाहीं. लावली असती, तर उतरत्या काळांतील कोयरीचा निर्जीवपणा त्यांना हिंदी मनाच्या विकृतींत शोधावा लागला नसता. तो त्यांना बाजारांत आणि करवसुलींत सांपडला असता.

अलीकडे इमारती, खुर्च्या, भांडीं यांच्या गोलसर, वाहत्या आकारांना 'निसर्गप्रेरित' म्हणण्याची चाल पडली आहे. त्यांपैकीं पुष्कळ आकार संगणकावर ओढून वळविलेले असतात आणि मातीलाच काय, लांकडालाहि ते विचारीत नाहींत. छापील कापडावरची गुळगुळीत कोयरी त्याच जातीची. तिच्याशेजारीं येवल्याच्या पैठणीचा पदर ठेवून पाहावा. तेथेंहि प्रत्येक रंगाचा धागा वेगळा फिरतो आणि शेजारच्या धाग्यांत अडकवून परत येतो. त्यामुळें कोयरीची कड जवळून पायऱ्यापायऱ्यांची दिसते, आणि चार हातांवरून पाहतांना ती वळते.