प्रशिक्षकाचा कस कसा लावावा?

विटा आणि आसपासच्या गावांतील अनेक कुटुंबे गलाईच्या धंद्यासाठी देशभरच्या शहरांत जाऊन राहिली आहेत. जुना दागिना हाती आला की गलाईवाला तो नुसता तोलून सोन्याचा हिशेब सांगत नाही. आधी दागिना आटवतो, तेजाबाने इतर धातू वेगळे काढतो आणि मग चोख सोन्याचे वजन करतो. खेळाच्या प्रशिक्षकाचे मूल्यमापन करताना मात्र आपण दागिना तोलूनच मोकळे होतो. किती सामने जिंकले, किती हरले, टक्केवारी किती, एवढ्यावर कारकिर्दीचा निकाल लागतो. या पद्धतीत काय चुकते, हे एका परिचित उदाहरणावरून पाहू.

अजित वाडेकर १९९२ ते १९९६ या काळात भारतीय क्रिकेट संघाचे व्यवस्थापक होते. पदाचे नाव व्यवस्थापक असले तरी काम प्रशिक्षकाचे होते. या काळात भारत २२ कसोटी सामने खेळला. त्यांपैकी १० जिंकले, २ हरले आणि १० अनिर्णित राहिले. त्यांच्या नेमणुकीपूर्वीच्या, १९९१-९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पाचपैकी चार कसोटी भारत हरला होता. वाडेकरांनंतर आलेल्या संदीप पाटील यांच्या वाट्याला १९९६ च्या इंग्लंड दौऱ्यातील तीन कसोटी आल्या; एक हार, दोन अनिर्णित. त्याच वर्षी त्यांचे पद गेले. हे आकडे एकाखाली एक मांडले की वाडेकर थोर आणि बाकीचे अपयशी, असा निष्कर्ष आपोआप निघतो. आकडे खरे आहेत; निष्कर्ष मात्र तपासून घ्यायला हवा.

पहिली तपासणी मैदानाची. वाडेकरांच्या २२ सामन्यांपैकी १३ मायदेशी झाले. त्यांत ९ विजय, १ हार, ३ अनिर्णित. परदेशी झालेल्या ९ सामन्यांत विजय फक्त एक (कोलंबो, १९९३), हारही एक आणि ७ अनिर्णित. म्हणजे ४५ टक्के विजय ही सरासरी दोन अगदी वेगळ्या गटांची खिचडी आहे. त्यातच नोव्हेंबर १९९० नंतर भारतात थेट जानेवारी १९९३ मध्येच कसोटी खेळली गेली. ऑस्ट्रेलिया दौऱ्यावरच्या व्यवस्थापनाला मायदेशी मैदान मिळालेच नाही. पाटील यांचे तिन्ही सामने इंग्लंडमध्ये झाले. परदेशी सामना जिंकण्याची शक्यता वाडेकरांच्या काळाप्रमाणे नवांत एक धरली, तर तीन सामन्यांत एकही विजय न मिळण्याची संभाव्यता आठ नवमांशाचा घन, म्हणजे सुमारे ७० टक्के येते. जे घडणेच अधिक संभवनीय होते, त्यावरून माणसाची पारख कशी करायची? याच पाटील यांच्या प्रशिक्षणाखाली केनियाचा संघ २००३ च्या विश्वचषकात उपान्त्य फेरीत पोहोचला. अर्थात त्या गुणांतही न्यूझीलंडने नैरोबीला खेळायला येण्याचे नाकारल्यामुळे मिळालेले गुण होते, हे विसरता कामा नये.

दुसरी तपासणी यदृच्छेची. वाडेकरांपूर्वी, नोव्हेंबर १९८७ ते नोव्हेंबर १९९० या काळात भारताने मायदेशी ८ कसोटींपैकी ४ जिंकल्या होत्या. म्हणजे विजयाचे प्रमाण निम्मे. तेच प्रमाण पुढे चालू राहिले असते तर १३ सामन्यांत निव्वळ योगायोगाने ९ किंवा अधिक विजय मिळण्याची संभाव्यता किती? १३ नाणी उडवून ९ किंवा अधिक छापे पडण्याइतकीच, म्हणजे सुमारे १३ टक्के. वर्गातील ५० विद्यार्थ्यांनी प्रत्येकी १३ नाणी उडवली तर सहा-सात जणांना हे ‘यश’ मिळेल. शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करून पहावा.

तिसरी तपासणी प्रतिस्पर्ध्याची. त्या १३ सामन्यांपैकी एक झिम्बाब्वेशी होता. त्या देशाने आपली पहिली कसोटी १९९२ मध्येच खेळली होती. तीन सामने श्रीलंकेशी होते. त्यांनी तोवर भारतात एकही कसोटी जिंकली नव्हती. हे चारही सामने भारताने जिंकले. ते वगळले तर ९ सामन्यांत ५ विजय उरतात. कामगिरी चांगलीच, पण आधीच्या निम्म्या प्रमाणापेक्षा फार दूर नाही.

मग वाडेकरांच्या कारकिर्दीत काहीच घडले नाही काय? घडले, पण विजयांच्या रकान्यात ते दिसत नाही. १९८९ च्या आरंभापासून ऑस्ट्रेलिया दौरा संपेपर्यंत भारत परदेशी १९ कसोटी खेळला आणि ९ हरला. वाडेकरांच्या काळात ९ पैकी एकच हरला. हरण्याची शक्यता पूर्वीइतकीच असती तर नऊ सामन्यांत फार तर एक हार होण्याची संभाव्यता जेमतेम ३ टक्के येते. मायदेशी विजयांपेक्षा हा पुरावा अधिक वजनदार आहे. तरी त्यालाही चाळणी लावलीच पाहिजे. १९९३ ची कँडी कसोटी पावसाने अवघ्या १२ षटकांत संपवली. शिवाय या नऊ सामन्यांत वेस्ट इंडिज वा ऑस्ट्रेलियाचा दौरा नव्हता.

आणि इतके करूनही श्रेयाची वाटणी होत नाही. १९९३ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या तीन कसोटींत अनिल कुंबळे यांनी २१ बळी घेतले. त्यांतले किती कुंबळे यांच्या हाताचे, किती खेळपट्टीचे आणि किती व्यवस्थापकाच्या योजनेचे? कर्णधार मोहम्मद अझरुद्दीन ऑस्ट्रेलिया दौऱ्यातही होते आणि पुढच्या २२ सामन्यांतही, तेव्हा फरक कर्णधार बदलल्यामुळे पडला नाही, एवढे खात्रीने म्हणता येते. बाकीचे घटक २२ सामन्यांच्या माहितीतून सुटे करता येत नाहीत. वाडेकर उत्तम प्रशिक्षक असतीलही. पण ते ठरवण्यासाठी सरावाच्या मैदानावर काय झाले, कोणता खेळाडू कसा सुधारला, हे पहावे लागेल.

हा प्रश्न खेळापुरता असता तर आम्ही तो या पानांवर आणला नसता. खानापूर तालुक्यातील एखाद्या लहान गावच्या शाळेत दहावीला २२ मुले असतील, तर एक मूल नापास झाले की निकाल साडेचार टक्क्यांनी उतरतो. दोन मुले आजारी पडली की नऊ टक्के. त्यावरून नव्या मुख्याध्यापकांचे कौतुक होते किंवा त्यांना खुलासा विचारला जातो. ती मुले आठवीत आली तेव्हा त्यांना वाचता किती येत होते, किती जणांचे आईवडील कामासाठी बाहेरगावी होते, मागच्या पाच वर्षांचा निकाल किती वरखाली झाला होता, हे कोणी विचारत नाही. आपल्या शाळेचे असे पाच-दहा वर्षांचे आकडे गणिताच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून मांडून घ्यावेत आणि नाण्यांच्या प्रयोगाशी ताडून पहावेत. पुढच्या वेळी कोणी एका वर्षाच्या टक्केवारीवरून शिक्षकाला जाब विचारला, तर ते कोष्टक त्याच्यापुढे ठेवता येईल.