नदी न ओलांडणारे आणि नदीकाठी राहणारे

परदेशातल्या मराठी घरात पुस्तकांचं कपाट लहान असतं, पण त्यात नर्मदा बहुधा सापडते. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' किंवा जगन्नाथ कुंटे यांचं 'नर्मदे हर हर'. मस्कतजवळ गालात राहायला आल्यापासून ही पुस्तकं मी दोन-तीन घरांत पाहिली. नंदिनी ओझा यांचं 'लढा नर्मदेचा' (राजहंस प्रकाशन, २०१७) मात्र अजून कुठे दिसलेलं नाही. नदी तीच, काठही तोच, मग असं का?

'लढा नर्मदेचा' हा मौखिक इतिहास आहे. नंदुरबार जिल्ह्यातल्या निमगव्हाणचे केशवभाऊ वसावे आणि केवलसिंग वसावे हे सरदार सरोवर विस्थापितांच्या लढ्यातले आदिवासी पुढारी. आंदोलनाच्या माजी कार्यकर्त्या असलेल्या ओझा यांनी त्यांना बोलतं केलं आणि ते बोलणं पुस्तकात आणलं. गावाच्या बाजूने नर्मदा वाचायची असेल, तर सुरुवात इथून करावी.

परिक्रमेच्या पुस्तकांत हाच प्रदेश 'शूलपाणीची झाडी' म्हणून येतो. तिथले भिल्ल म्हणजे 'मामा'. ते परिक्रमावासीयाला लुटतात, अंगावरच्या लंगोटीवर आणून सोडतात, आणि त्या लुटीतून त्याचा अहंकार गळून पडतो. साधकाच्या दृष्टीने हे खरंच असेल. पण वाचक म्हणून लक्षात येतं की त्या मामाला स्वतःची गोष्ट नाही. तो दुसऱ्याच्या परीक्षेतला एक प्रश्न आहे. त्याची शेती कोणती, त्याच्या जमिनीचा कागद आहे की नाही, धरण आलं तेव्हा तो कुठे गेला, हे विचारायला वाटसरूला थांबता येत नाही. परिक्रमेचा धर्मच पुढे चालत राहण्याचा आहे.

परिक्रमेचा आणखी एक नियम आपल्याला पाठ असतो: नर्मदा ओलांडायची नाही, होडीत बसायचं ते फक्त समुद्राच्या तोंडाशी. काठावरच्या गावांना हा नियम परवडणारा नव्हता. अलीकडे महाराष्ट्रातलं डोमखेडी, पलीकडे मध्य प्रदेशातलं जलसिंधी. नकाशावर मध्ये राज्याची सीमा आहे, जगण्यात मात्र नदी हाच रस्ता. तीन राज्यांतली गावं एका आंदोलनात आली, त्यातही या पाण्यावरच्या येण्याजाण्याचा वाटा होता.

हे किती महत्त्वाचं, ते आकड्यांवरून कळतं. नर्मदा जलविवाद लवादाने डिसेंबर १९७९मध्ये दिलेल्या निवाड्यात २८ दशलक्ष एकर-फूट पाणी चार राज्यांत वाटलं: मध्य प्रदेश १८.२५, गुजरात ९, राजस्थान ०.५ आणि महाराष्ट्र ०.२५. महाराष्ट्राला १,४५० मेगावॉट विजेतला २७ टक्के वाटाही मिळाला. बदल्यात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बुडीत क्षेत्रात गेली. लवादापुढे पक्षकार होती ती राज्यं. गाव तिथे पक्षकार नव्हतं. मी राहते त्या ओमानमध्ये बारमाही नदी नाही. इथल्या फलजचं पाणी पिढ्यान्‌पिढ्या वेळेच्या हिश्श्याने वाटलं जातं, आणि कुणाची पाळी कधी हे गावाला ठाऊक असतं. त्या हिशेबात गाव वाटेकरी असतं. नर्मदेच्या हिशेबात ते 'बाधित' झालं.

जगात इतरत्रही आदिवासी समाज नद्यांसाठी पाण्यात उतरले आहेत. २०१६मध्ये अमेरिकेत स्टँडिंग रॉकला तेलवाहिनीच्या विरोधात वेगवेगळ्या जमातींचे लोक आपापल्या होड्या वल्हवत आले. क्लॅमथ नदीवरची चार धरणं पाडल्यानंतर २०२५च्या उन्हाळ्यात तिथल्या आदिवासी मुलांनी उगमाकडून समुद्रापर्यंत कायाक वल्हवल्या. ही दृश्यं सुंदर आहेत, आणि नर्मदेची गोष्ट त्यांच्याच ओळीत बसवण्याचा मोह होतो. तो टाळायला हवा. वल्हवणारा पाण्यावरून पुढे जातो. डोमखेडीत १९९९च्या पावसाळ्यात माणसं घरात उभी राहिली आणि पाणी त्यांच्या छातीपर्यंत चढलं. इथे सत्याग्रह जागा न सोडण्याचा होता. आणि धरण झाल्यावर होडी ही नाइलाजाची गोष्ट झाली. मणिबेली हे राज्यातलं पहिल्या क्रमांकाचं मतदान केंद्र, पण मतदान यंत्रं तिथे होडीतून न्यावी लागतात. होडीचं छायाचित्र पाहून भारावताना हा फरक विसरू नये.

'लढा नर्मदेचा'च्या मर्यादाही सांगायला हव्यात. विचारणारी आणि सांगणारे एकाच बाजूचे आहेत, त्यामुळे काही अवघड प्रश्न बाहेरच राहतात. कच्छ-सौराष्ट्रातल्या ज्या माणसाच्या घरी नर्मदेचं पाणी पोहोचलं, त्याच्याशी या इतिहासाचा संवाद होत नाही. दोन्ही निवेदक पुरुष आहेत. पाण्यात उभ्या राहिलेल्या बायांची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐकायची राहते. शिवाय आंदोलन धरण थांबवू शकलं नाही. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाला वाट मोकळी केली, आणि २०१९च्या सप्टेंबरात पाणी १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पोहोचलं.

तरी हे पराभवाचं पुस्तक म्हणून वाचू नये. १९९३मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाचा उरलेला भाग नको म्हणण्याची वेळ भारत सरकारवर आली, त्यामागे या खोऱ्यातल्या लोकांचा रेटा होता. अशा रेट्यामागे सभा, हिशेब, मतभेद आणि वाटाघाटी असतात. त्या करणारा माणूस म्हणजे झाडीतला 'मामा' नव्हे. ज्याच्याशी वाद घालता येतो असा तो नागरिक आहे. मराठी वाचकाला त्याची ही ओळख करून देणं, हे या पुस्तकाचं मोठं काम.

शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर पाण्याखाली गेलं, नवं गोऱ्याला बांधलं गेलं. झाडीतली जुनी पायवाटही बुडाली, आणि परिक्रमावासी आता वळसा घेऊन जातात. म्हणजे धरणाने दोन्ही पुस्तकांची भूमी एकदमच बुडवली. देवासाठी नवी जागा लवकर सापडली. माणसांना ती कशी आणि किती मिळाली, हे परिक्रमेच्या पुस्तकात शोधून सापडणार नाही. पुढच्या भारतभेटीत 'नर्मदे हर हर'ची आणखी एक प्रत भेट द्यायला घ्याल, तेव्हा सोबत 'लढा नर्मदेचा'ही घ्या.