अस्थींचे निदान आणि शब्दांची साक्ष

उदयपूरजवळील बालाथल येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीच्या उत्खननात मिळालेल्या एका सांगाड्याविषयी ग्वेन रॉबिन्स, वीणा मुश्रीफ-त्रिपाठी, व्ही. एन. मिश्र व त्यांचे सहकारी यांचा निबंध २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. इ. स. पू. २००० च्या सुमारास भारतात कुष्ठरोग होता, हा त्याचा मुख्य निष्कर्ष. अथर्ववेदातील सूक्तांचा कुष्ठरोगपर अर्थ लावणाऱ्यांना या सांगाड्यामुळे आधार मिळतो, असेही त्यात प्रतिपादिले आहे. या दोन विधानांचे बळ सारखे नाही.

पहिले विधान पद्धतीच्या दृष्टीने निर्दोष आहे. रोग झाला असता हाड एक तर झिजते किंवा त्यावर नवे हाड चढते. म्हणून एकट्या खुणेवरून रोग ठरविता येत नाही. लेखकांनी नाकाच्या व वरच्या जबड्याच्या भागाची झीज, नडगीच्या हाडावरील दाह आणि सांध्यांतील विकृती यांची एकत्र मांडणी तपासली, व उपदंशवर्गीय रोग, क्षय, अस्थिमज्जेचा दाह इत्यादी पर्याय क्रमाने वगळले. निदान संभाव्यच राहते. पण ते कसे केले हे वाचकास पडताळता येते.

शब्दांच्या बाबतीत मात्र अशी वगळणी झालेली नाही. अथर्ववेदात ‘कुष्ठ’ ही तक्म्यावरील, म्हणजे ज्वरावरील, औषधी वनस्पती आहे. त्वचेवरील पांढऱ्या डागांस तेथे ‘किलास’ हा शब्द येतो, आणि तसे डाग कोडाचेही असू शकतात. सुश्रुताने तर ‘कुष्ठ’ या एकाच नावाखाली अठरा प्रकारचे त्वग्रोग गणले आहेत. याच शब्दापासून आलेला हिंदी ‘कोढ’ कुष्ठरोगाचा वाचक झाला, तर मराठी ‘कोड’ आज केवळ पांढऱ्या डागांपुरता उरला. ज्या शब्दाचा अर्थ दोन भगिनीभाषांत इतका फाकला, त्याच्या आधारे चार हजार वर्षांपूर्वीच्या हाडाचे नाव ठरविणे, किंवा हाडाच्या आधारे सूक्ताचा अर्थ ठरविणे, हे दोन्ही अन्योन्याश्रयाचे उदाहरण होय. शेणाच्या राखेने भरलेल्या आवारातील एका दफनावरून वैदिक अंत्यविधीचे अनुमान काढणे हेही त्याच जातीचे.

डेन्मार्कमधील नेस्टवेद येथे व्हिल्हेल्म म्योलर-क्रिस्टेन्सेन यांनी कुष्ठरुग्णालयाचीच दफनभूमी उकरली. तेथे रुग्णालय होते हे हाडांवाचूनही ज्ञात होते. म्हणून दोन स्वतंत्र साक्षी एकमेकींस पूरक ठरल्या. बालाथलला तशी दुसरी साक्ष अद्याप नाही.

वऱ्हाडातील अभ्यासकास हा केवळ पांडित्याचा वाद वाटू नये. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये आरंभिलेल्या तपोवनाच्या कार्याशी जोडलेल्या संस्थेचे नाव ‘विदर्भ महारोगी सेवा मंडळ’ असे आहे. ‘महारोगी’ हा शब्द एकदा लागला की माणूस गावाबाहेर पडे. साधे पांढरे डाग असलेल्यांनाही त्याची झळ पोहोचे. अमरावतीत असो वा अकोल्यात, जिवंत माणसाच्या बाबतीत डाग व रोग यांत भेद करण्याची जी दक्षता आज न्याय्य मानली जाते, तीच मृताच्या अस्थींसही लागू आहे. बालाथलच्या निबंधातील अस्थिविषयक भाग पुढील संशोधनास आधारभूत मानावा. शब्दविषयक भाग मात्र भाषाशास्त्राच्या कसोटीवर पुन्हा घासून पाहिल्यावाचून स्वीकारू नये.