'चेसिंग आइस' : बर्फ दिसतो, तळ दिसत नाही

हिमनद्यांचा पाठ शिकवताना दाखवण्याजोग्या माहितीपटांत 'चेसिंग आइस'चे नाव बरेच वर आहे. जेफ ऑर्लोव्स्की यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २०१२ साली प्रदर्शित झाला. छायाचित्रकार जेम्स बॅलॉग यांनी २००७ मध्ये ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का आणि मोंटाना येथील हिमनद्यांसमोर कॅमेरे रोवले. दिवसाउजेडी ठरावीक वेळाने ते आपोआप छायाचित्रे घेत. काही वर्षांची छायाचित्रे सलग जोडली, की हिमनदी काही सेकंदांत मागे हटताना दिसते. एरवी डोळ्यांना न जाणवणारी ही हालचाल सर्वांना दिसेल अशी करणे, ही या चित्रपटाची मोठी कामगिरी आहे. टायमर बंद पडतात, बॅलॉग यांचा गुडघा दगा देतो, तरी काम चालू राहते. निरीक्षण हे किती चिकाटीचे काम आहे, हे विद्यार्थ्यांना यातून चांगले समजते.

आमचा आक्षेप वेगळ्या गोष्टीवर आहे. बर्फ नाहीसा होताना चित्रपट दाखवतो. पण हिमनदी मागे का हटते याचे उत्तर जवळजवळ एकाच शब्दात देतो : उष्णता. वितळलेले पाणी भेगांतून तळाशी उतरते, एवढे तो सांगतो. मात्र त्या तळाचा आकार, तो कोरणारी आणि भरणारी हिमनदी, यांना त्यात स्थान नाही. बॅलॉग स्वतः भूरूपशास्त्र शिकलेले असल्यामुळे ही उणीव अधिकच जाणवते.

अलास्कातील कोलंबिया हिमनदीचे उदाहरण घेऊ. तिची माघार हा चित्रपटातील एक प्रभावी भाग आहे. १७९४ मध्ये व्हँकुव्हरच्या मोहिमेने तिचे टोक जिथे नोंदले, त्याच्या आसपास ते १९८० पर्यंत टिकून होते. त्यानंतर ते २० किलोमीटरहून अधिक मागे गेले. जवळजवळ दोन शतके स्थिर आणि मग अशी धावपळ, असे का व्हावे? आपण वर्गात खनन, वहन आणि संचयन असे तीन शब्द शिकवतो. त्यांतच याचे उत्तर आहे. खडक खरवडून वाहून आणलेला गाळ हिमनदीने आपल्याच टोकापाशी समुद्रात साठवला आणि पाण्याखाली हिमोढाचा बांध तयार झाला. या उथळ बांधावर टोक टेकलेले होते. बर्फ पातळ होत गेला आणि टोक बांधावरून मागे सरकले. मागे होता हिमनदीनेच कोरलेला, शेकडो मीटर खोल खळगा. खोल पाण्यात बर्फाला तळाचा आधार कमी मिळतो. तो वेगाने वाहतो, ताणला जातो, पातळ होतो आणि तुटतो. अशी माघार एकदा सुरू झाली, की टोक पुन्हा उथळ किंवा अरुंद जागी पोहोचेपर्यंत सहसा थांबत नाही. हवामानाने धक्का दिला असेल. पण माघारीचा वेग आणि पल्ला मुख्यतः तळाने ठरवला.

त्याच अलास्कात हबर्ड ही हिमनदी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे सरकत आहे. १९८६ आणि २००२ मध्ये तिने रसेल फियॉर्डचे तोंडच बंद केले होते. वरच्या भागात तिला बर्फ पुरवणारे क्षेत्र फार मोठे आहे आणि टोकापुढचा हिमोढ ती स्वतःबरोबर पुढे ढकलते. काही हिमनद्या वाढत आहेत हे चित्रपट नाकारत नाही. युकॉनमधील हिमनद्यांची गणती सांगून तो पुढे जातो. परंतु गणतीतून 'किती' ते कळते, 'का' ते कळत नाही.

चित्रपटातील सर्वांत गाजलेले दृश्य ग्रीनलंडमधील इलुलिसाट येथील आहे. २८ मे २००८ रोजी तेथे ७५ मिनिटांत सुमारे ७.४ घन किलोमीटर बर्फ तुटून पडला. या हिमनदीने मागील शंभर वर्षांत जेवढी माघार घेतली, त्याहून अधिक पुढील दहा वर्षांत घेतली, असे चित्रपट सांगतो. ऐकणाऱ्याला वाटते, की यापुढे वेग वाढतच जाणार. प्रत्यक्षात २०१६ नंतर काही वर्षे ही हिमनदी मंदावली, तिचे टोक पुढे आले आणि जाडही झाले. कारण समुद्रात होते. १९९७ च्या सुमारास पश्चिम ग्रीनलंडच्या किनाऱ्याशी खोलवर उबदार पाणी आले आणि त्याने तरंगणारा बर्फ खालून वितळवला. २०१६ च्या सुमारास हे पाणी थंड झाले. ते आत शिरते तो फियॉर्ड हिमनदीनेच कोरलेला आहे आणि त्याच्या तोंडाशी असलेला उंबरठाही हिमोढाचाच आहे. कोणत्या खोलीचे पाणी आत येणार, हे त्या उंबरठ्यावर अवलंबून असते. ग्रीनलंडच्या एकूण बर्फाची घट या काळातही थांबली नव्हती, हेही येथे सांगितले पाहिजे.

हा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. पृथ्वी तापत आहे आणि जगातील बहुतेक हिमनद्या घटत आहेत, याविषयी आम्हांला शंका नाही. चिंता आहे ती वर्गातील विद्यार्थ्याची. 'उष्णता वाढली म्हणून प्रत्येक हिमनदी मागे हटते' एवढेच त्याला शिकवले, तर हबर्डची बातमी वाचताच तो म्हणेल, 'मग बाईंनी सांगितले ते खोटे.' अर्धवट कारणावर उभा केलेला विश्वास पहिल्या अपवादाला कोसळतो. मग खरी गोष्टही त्याला पटवून देता येत नाही.

पुरावा म्हणून याच चित्रपटातील आइसलंडची छोटी सोल्हेमायकुल हिमनदी आम्हांला अधिक मोलाची वाटते. तिचे टोक समुद्रात नाही. वर किती बर्फ पडला आणि खाली किती वितळला, याचा हिशेब तेथे बराच सरळ असतो. त्या भागातील शाळेची मुले २०१० पासून दर वर्षी तिची माघार मोजत आली आहेत.

आपल्या हिमालयातील हिमनद्याही समुद्राला मिळत नाहीत. त्यामुळे इलुलिसाटचे दृश्य दाखवून 'गंगोत्रीचेही असेच होणार' असे सांगणे चुकीचे ठरेल. आपल्याकडील धोक्याचे रूप वेगळे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवरात हिमोढाचा कडा कोसळला. सरोवर फुटून आलेल्या लोंढ्याने तीस्तेवरील चुंगथांगचे धरण उद्ध्वस्त केले आणि अनेकांचे प्राण घेतले. पाठ्यपुस्तकात ज्याची एक आकृती आणि दोन ओळींची व्याख्या असते, तोच हा हिमोढ.

तेव्हा चित्रपट जरूर दाखवावा, मात्र मधूनमधून थांबवून. प्रत्येक हिमनदीपाशी तीन प्रश्न विचारावेत : हिचे टोक कुठे टेकले आहे? त्याच्या मागे तळ खोल आहे की उथळ? वरून बर्फ किती येतो? उत्तरे चित्रपटात मिळणार नाहीत. ती नकाशा आणि पाठ्यपुस्तक घेऊन शोधावी लागतील, आणि तेथेच यू आकाराची दरी, फियॉर्ड आणि हिमोढ यांचा पाठ खऱ्या अर्थाने सुरू होईल.