'रोजची' भाकर : एका शब्दाचा शोध

प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेतील 'रोजची भाकर' आपल्या ओठांवर इतकी रुळली आहे की, तीत काही अडचण असेल असे वाटतही नाही. मूळ ग्रीक वाचताना मात्र अडखळायला होते. 'रोजची' या जागी तेथे 'एपिऊसियोस' हा शब्द आहे. नव्या करारात तो मत्तय (६:११) आणि लूक (११:३) येथेच, तोही याच प्रार्थनेत, आढळतो. तिसऱ्या शतकातील ओरिजेन ग्रीक भाषेतच वाढलेला. पण हा शब्द विद्वानांच्या वा सामान्यांच्या वापरात नाही, तो शुभवर्तमानकारांनीच घडविला असावा, असे त्यानेही नोंदविले.

कोश उघडावा, तर कोशकार तरी अर्थ कोठून आणणार? शब्दाच्या वापरांतूनच. जेथे वापरच नाहीत, तेथे कोशातील अर्थ म्हणजे कोशकाराने दिलेला निवाडा होय. तो पारखून घेणे वाचकाचे कर्तव्य ठरते.

पहिली वाट व्युत्पत्तीची. 'ऊसिया' म्हणजे अस्तित्व, सत्त्व. यावरून 'जगण्यास आवश्यक' हा अर्थ निघतो. याच वाटेने जाऊन संत जेरोमने मत्तयात 'सत्त्वापलीकडची' असे भाषांतर केले; लूकमध्ये मात्र त्याच शब्दासाठी 'रोजची' हा जुना लॅटिन शब्द ठेवला. एकाच भाषांतरकाराची ही दोन उत्तरे! दुसरी व्युत्पत्ती 'एपिऊसा', म्हणजे 'येणारा दिवस', या शब्दावरून. प्रेषितांची कृत्ये (१६:११) यात तो 'दुसऱ्या दिवशी' या अर्थाने येतो. शिवाय 'एपी'मधील अंत्य इकार स्वरापुढे सहसा लोपतो. 'ऊसिया'पासून शब्द बनता, तर 'एपूसियोस' झाला असता.

दुसरी वाट शेजारच्या शब्दांची. लूकच्या त्याच वाक्यात 'दररोज' हा शब्द आहेच. मग 'एपिऊसियोस' म्हणजेही 'रोजची' मानल्यास द्विरुक्ती होते. 'रोजचा' यासाठी 'कथेमेरिनोस' हा शब्द लूकने अन्यत्र (प्रे. कृ. ६:१) वापरलाही आहे. येथे तो टाळला, यास कारण असले पाहिजे.

तिसरी वाट बाहेरच्या पुराव्याची. ती फसवीही असू शकते. इजिप्तमधील हवारा येथे पेट्री यांना खर्चाची यादी असलेला एक पपायरस मिळाला. सेस यांनी त्यात हाच शब्द वाचला आणि त्याच्या आधारे 'रोजचा शिधा' हा अर्थ पुढे अनेक वर्षे मांडला गेला. तो पपायरस मात्र हरवला होता. येल विद्यापीठात तो पुन्हा सापडल्यावर त्याचे फेरवाचन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे शब्द होता 'एलाइऊ', म्हणजे तेलाचा!

माझ्या मते 'येणाऱ्या दिवसाची' या अर्थाचे पारडे जड आहे. 'उद्याची चिंता करू नका' (मत्तय ६:३४) या वचनाशी तो विसंगत आहे, असा आक्षेप घेतला जातो. परंतु द्राक्षमळ्यातील मजूर आठवावेत (मत्तय २०). त्यांना मजुरी मिळते ती संध्याकाळी. उद्याची भाकर आज हाती आली, तरच अशा माणसाला रात्री निश्चिंत झोप लागते. चिंता सोडता यावी म्हणूनच तो मागतो.

'रोजची' हा शब्द प्रार्थनेतून काढावा, असे माझे म्हणणे नाही. पिढ्यानपिढ्यांच्या मुखातला शब्द सहज बदलू नये. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथानेही (२८३७) या शब्दाचे एकाहून अधिक अर्थ जपले आहेत, त्यांत ख्रिस्तशरीराचाही आहे. पण आपल्या मराठी बायबलमध्ये येथे एक तळटीप हवी आणि प्रार्थना शिकविताना मुलांना हे सांगायलाही हवे. ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही, त्याच्या तोंडी ही मागणी कशी वाटते, हे त्यांना त्यातून कळेल.